छोट्या शहरात सार्वजनिक चार्जिंगची खात्री कशी करावी : साताऱ्याचे उदाहरण

पुण्यात किंवा मुंबईत इलेक्ट्रिक गाडी चालवणाऱ्याला एक चार्जर बंद निघाला, तर थोड्या अंतरावर दुसरा सापडतो. साताऱ्यासारख्या शहरात हा भरवसा धरता येत नाही. तेथे नकाशावरच्या खुणा मोजून भागत नाही. त्यांतील कोणती खूण आपल्या गाडीला, आपण पोहोचू त्या वेळी, खरोखर वीज देईल, हे निघण्यापूर्वीच ठरवावे लागते. हे काम घरी बसून तासाभरात होते आणि ते केले, तर साताऱ्याचा प्रवास इलेक्ट्रिक गाडीने निर्धास्तपणे करता येतो, असे मी खात्रीने सांगू शकतो.

साताऱ्याचे उदाहरण घेण्यास कारण आहे. पुणे–बंगळूरु महामार्गावर पुण्यापासून सुमारे ११० आणि कोल्हापुरापासून सुमारे १२० किलोमीटरवर असलेले हे शहर लहान बॅटरीच्या गाड्यांसाठी अगदी थांबण्याच्या जागी आहे. शिवाय कास, ठोसेघर, सज्जनगड आणि महाबळेश्वरकडे जाणारे रस्ते येथूनच चढणीला लागतात. म्हणजे वाटेने जाणारे प्रवासी, डोंगरावर जाणारे पर्यटक आणि शहरातील रहिवासी या तिघांचीही गरज त्याच मोजक्या चार्जरवर येऊन पडते. पुढील पद्धत चिपळूण, सांगली किंवा धाराशिवलाही तशीच लागू पडते.

आधी आपली गाडी नीट ओळखा

चार्जर शोधण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात: आपल्या गाडीला कोणती गन (चार्जरच्या केबलच्या टोकाचा प्लग) लागते, गाडी सावकाश एसी चार्जरवर जास्तीत जास्त किती किलोवॉट (वीज भरण्याचा वेग) घेते आणि जलद डीसी चार्जरवर किती घेते. या तिन्ही गोष्टी गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेल्या असतात.

आज भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक इलेक्ट्रिक मोटारींना जलद चार्जिंगसाठी सीसीएस-२ ही गन लागते आणि सावकाश चार्जिंगसाठी टाइप-२. मात्र सर्वच गाड्यांना जलद चार्जिंगची सोय नसते, १७.३ युनिट (किलोवॉट-तास) बॅटरीची एमजी कॉमेट ही छोटी गाडी केवळ एसीवरच चार्ज होते, त्यामुळे तिच्या मालकाने नकाशावरील डीसी चार्जरकडे पाहण्यात अर्थ नाही. दुसरीकडे, सुरुवातीच्या काळात बसवलेले ‘भारत डीसी-००१’ प्रकारचे १५ किलोवॉटपर्यंतचे चार्जर नकाशावर डीसी म्हणूनच दिसतात. पण त्यांची गन निराळी असते आणि ते १०० व्होल्टच्या आत चालणाऱ्या जुन्या मोटारींसाठी होते. आजच्या मोटारीला त्यांचा उपयोग नाही. ‘भारत एसी-००१’ या प्रकारात ३.३ किलोवॉटचे तीन औद्योगिक सॉकेट असतात, आणि त्यांवर चार्ज करायचे तर त्या सॉकेटला जुळणारी केबल किंवा जोडणी स्वतःजवळ असावी लागते. नकाशावर खूण दिसली, की प्रथम गनचा प्रकार पाहावा आणि जुळत नसेल तर ती खूण यादीतून लगेच काढून टाकावी.

एसीच्या बाबतीत आणखी एक गफलत होते. बाहेरचा चार्जर ७.२ किलोवॉटचा असला आणि गाडीत आतच बसवलेला चार्जर ३.३ किलोवॉटचा असला, तर गाडीला ३.३ किलोवॉटनेच वीज मिळते. बारा युनिट भरायला जेथे पावणेदोन तास लागतील असे वाटते, तेथे प्रत्यक्षात पावणेचार तास लागतात, आणि साताऱ्यात दुपारचे जेवण करून पुढे निघण्याचा बेत तेथेच कोलमडतो.

चढणीचा हिशेब

किती चार्ज लागेल, हे कंपनीने जाहीर केलेल्या रेंजवरून (एका चार्जमध्ये कापले जाणारे अंतर) ठरवू नये. महामार्गावर ताशी ८० किलोमीटरच्या आसपास गाडी चालवली, तर छोटी मोटार एका युनिटमध्ये साडेसहा किलोमीटरच्या आसपास जाते असे धरावे. वेग वाढला, की हा आकडा झपाट्याने खाली येतो.

समजा, २४ युनिट बॅटरीची गाडी पूर्ण चार्ज करून आपण पुण्याहून निघालो. साताऱ्यापर्यंतच्या ११० किलोमीटरला सुमारे १७ युनिट खर्च होतात आणि खंबाटकी घाट ओलांडून साताऱ्यात पोहोचताना बॅटरीत सात युनिट, म्हणजे तीस टक्क्यांहून थोडे कमी उरते. कास पठार येथून सुमारे २५ किलोमीटर आहे. सपाट रस्त्यावर या अंतराला चार युनिट पुरली असती. पण यवतेश्वर घाटातून सुमारे पाचशे मीटर चढायचे असते. माणसे आणि सामान धरून १,७०० किलो वजनाची गाडी पाचशे मीटर वर नेण्यासाठी सव्वादोन युनिटांहून थोडी अधिक ऊर्जा लागते, आणि मोटरमधील घट धरली तर सुमारे अडीच युनिट. म्हणजे कासला पोहोचताच बॅटरी जवळजवळ रिकामी होईल. परत उतरताना ब्रेकमधून थोडी वीज बॅटरीत येते, परंतु त्या भरवशावर वर जाणे हा धोका आहे. पठारावर चार्जिंग मिळेल असे गृहीत न धरता साताऱ्यातच किमान ऐंशी टक्क्यांपर्यंत चार्ज करून मगच घाट चढावा.

हा हिशेब मी सविस्तर मांडला, कारण छोट्या शहरात चार्जर कुठे आहे यापेक्षा तो आपल्याला नेमका कधी आणि किती वेळ लागणार, हे आधी कळले पाहिजे. वरील उदाहरणात तीस टक्क्यांवरून ऐंशीपर्यंत जायला बारा युनिट लागतात. गाडी ते घेऊ शकत असेल, तर ३० किलोवॉटच्या डीसी गनवर हे काम अर्ध्या तासाच्या आसपास होते. ऐंशीच्या पुढे मात्र गाडी स्वतःच वेग कमी करते, म्हणून रांग असताना शंभर टक्क्यांसाठी अडून बसू नये. कासला फुलांच्या हंगामात ऑनलाइन नोंदणी करून जायचे असते आणि प्रवेशाच्या वेळा ठरलेल्या असतात. त्या वेळेतून हा अर्धा तास आणि संभाव्य रांगेचा वेळ वजा करूनच पुण्यातून निघण्याची वेळ ठरवावी.

यादी कशी तयार करावी

केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्युरोचे ‘ईव्ही यात्रा’ हे पोर्टल आणि ॲप १४ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाले. देशभरातील सार्वजनिक चार्जरची नोंद एकत्र करण्यासाठी ते बनवलेले आहे. महाराष्ट्रात चार्जिंगच्या कामासाठी महावितरण ही राज्याची समन्वय संस्था आहे आणि तिचे ‘पॉवरअप ईव्ही’ हे स्वतंत्र ॲप आहे. गूगल मॅप्सवरही चार्जर दिसतात. या तिन्हींवरून ठिकाणांची कच्ची यादी मिळते. पण ती कच्चीच असते, कारण यांतील नोंदी बदलायला वेळ लागतो.

पक्की माहिती मिळते ती चार्जर चालवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या ॲपवर. टाटा पॉवर, स्टॅटिक, चार्जझोन, जिओ-बीपी, तसेच इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्थान पेट्रोलियम या तेल कंपन्या यांचे चार्जर महाराष्ट्रात ठिकठिकाणी आहेत. कच्च्या यादीतील प्रत्येक चार्जर कोणाचा आहे ते पाहावे, त्या कंपनीचे ॲप घरीच उतरवून घ्यावे, मोबाइल क्रमांकाची नोंदणी उरकावी आणि वॉलेटमध्ये किमान रक्कम भरून ठेवावी. हे सारे चार्जरसमोर उभे राहून करू नये. पेट्रोल पंपाच्या मागच्या कोपऱ्यात मोबाइलचे नेटवर्क जेमतेम असते, ओटीपी येत नाही, बँकेचे पान उघडत नाही, आणि चालू स्थितीतला चार्जर समोर असूनही गाडी तशीच उभी राहते.

यानंतर ‘प्लगशेअर’सारख्या ॲपवर इतर गाडीमालकांनी लिहिलेल्या नोंदी वाचाव्यात. येथे ताऱ्यांचे गुणांकन पाहू नये, तारीख पाहावी. मागील पंधरवड्यात कोणी तरी त्या ठिकाणी गाडी चार्ज केल्याची नोंद आणि सोबत चार्जरच्या पडद्याचे छायाचित्र असेल, तर तो पुरावा कोणत्याही सरकारी यादीपेक्षा भक्कम आहे. सहा महिने कोणी फिरकल्याची नोंदच नसेल, तर तो चार्जर यादीत सर्वांत खाली ठेवावा.

ॲपमध्ये ‘उपलब्ध’ दिसले म्हणजे काय

चार्जरमध्ये बहुधा एक सिमकार्ड असते आणि त्यावरून तो ठराविक काळाने कंपनीच्या संगणकाला आपली स्थिती कळवतो. गन मोकळी आहे, चार्जर जिवंत आहे आणि त्याने कोणताही दोष कळवलेला नाही, एवढ्यावरून ॲपमध्ये ‘उपलब्ध’ असे दिसते. चार्जरसमोरच्या जागेत डिझेलची गाडी उभी आहे, शोरूमचे फाटक रात्री आठला बंद होते, गनची खिटी तुटली आहे किंवा मागील तीन गाड्यांना चार्जिंग सुरूच झाले नाही, हे त्या संगणकाला कळत नाही. उलट ‘ऑफलाइन’ दाखवणाऱ्या चार्जरचे कधी कधी केवळ नेटवर्क गेलेले असते आणि वीज व्यवस्थित असते. पण मोबाइलवरून तो सुरू करता येईलच असे नाही, म्हणून परगावी जाताना ऑफलाइन चार्जर हिशेबात धरू नये.

म्हणूनच त्या ठिकाणी फोन करणे अत्यावश्यक आहे. कंपनीच्या ग्राहक सेवेला केलेला फोन पुरेसा नाही, कारण दूरच्या शहरात बसलेल्या माणसाला पडद्यावर तेच दिसत असते जे आपल्याला दिसते. चार्जर ज्या हॉटेलात, पंपावर किंवा शोरूममध्ये आहे, तेथे फोन करावा आणि ‘चार्जर चालू आहे का’ असे विचारू नये. त्याला ‘हो, या की’ असेच उत्तर मिळते, कारण सांगणाऱ्याने ते यंत्र कधी हाताळलेले नसते. त्याऐवजी असे विचारावे: ‘साहेब, तुमच्याकडच्या चार्जरवर शेवटची गाडी कधी लागली होती?’ आज सकाळी लागली होती असे उत्तर आले, तर निश्चिंत व्हावे. ‘मध्यंतरी एक-दोघे आले होते’ असे उत्तर आले, तर तो चार्जर दुसऱ्या क्रमांकावर न्यावा. याच फोनवर आणखी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: रात्री किती वाजेपर्यंत आत गाडी घेता येते, शोरूम असेल तर चार्जिंग फक्त त्याच कंपनीच्या गाड्यांसाठी आहे की सर्वांसाठी, आणि लाइट गेली तर जनरेटरवर चार्जर चालतो का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक ठिकाणी ‘नाही’ असे येते, कारण हॉटेलचा जनरेटर दिवे आणि पंख्यांच्या भाराला बसवलेला असतो आणि ३० किंवा ६० किलोवॉटचा भार त्याला झेपत नाही.

पावसाळ्यात या उत्तराला फार महत्त्व येते. सह्याद्रीच्या कुशीतील गावांत जून ते सप्टेंबर वीज वारंवार जाते, आणि शहराच्या एका भागातील चार्जर एकाच वीजवाहिनीवर असतील तर ते सारे एकदमच बंद पडतात. आपला पहिला चार्जर शहरात असेल, तर दुसरा महामार्गावर काही किलोमीटर अलीकडे किंवा पलीकडे निवडावा. साताऱ्याच्या बाबतीत दक्षिणेला कराड सुमारे ५० किलोमीटरवर आहे. तेथपर्यंत पोहोचण्याइतका चार्ज हातात असताना साताऱ्याचा पहिला प्रयत्न करणे हे शहाणपणाचे.

रस्त्याची बाजू

दुभाजक असलेल्या महामार्गावर नकाशातील ‘पाचशे मीटर’ फसवे असतात. सातारा शहर महामार्गाच्या पश्चिमेला आहे. म्हणजे पुण्याहून कोल्हापूरकडे जाताना शहराच्या बाजूचे पंप आणि हॉटेले उजव्या हाताला, दुभाजकापलीकडे येतात. कोल्हापूरहून पुण्याकडे येणाऱ्याला मात्र ती डावीकडे लागतात. चार्जर पलीकडच्या बाजूला असेल, तर वाढे फाटा किंवा बॉम्बे रेस्टॉरंट चौकासारख्या ठिकाणी महामार्ग सोडून सर्व्हिस रोडने वळसा घ्यावा लागतो. नकाशात चार्जरची खूण दाबून प्रवासाची दिशा द्यावी, प्रत्यक्ष अंतर पाहावे आणि चार्जर कोणत्या बाजूला आहे हे यादीत लिहून ठेवावे. केंद्र सरकारच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत महामार्गाच्या दोन्ही बाजूंना दर २५ किलोमीटरवर एक आणि शहरात तीन किलोमीटरच्या प्रत्येक चौकोनात एक चार्जिंग स्टेशन असावे, असे उद्दिष्ट होते. ‘दोन्ही बाजूंना’ हे शब्द त्यात मुद्दाम घातलेले आहेत आणि ते रास्त आहेत.

शहराच्या आत, राजवाड्याकडच्या जुन्या पेठांत, रस्ते अरुंद आणि वाहनतळ कमी आहेत. तेथे मुक्काम असला, तरी चार्जिंगचा शोध मोकळी जागा असलेल्या भागांतच घ्यावा.

वेळेबद्दल एवढे सांगतो, की रविवारी दुपारनंतर महाबळेश्वर, कास आणि कोल्हापूरकडून परतणारी वाहने पुण्याच्या दिशेने एकदम निघतात, आणि ६० किलोवॉटच्या चार्जरवर दोन गाड्या लागल्या, की तो बहुधा प्रत्येकीला ३० किलोवॉटच देतो. त्या दिवशी सकाळीच चार्ज करून घेणे उत्तम. केंद्र सरकारच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत सकाळी ९ ते दुपारी ४ या सौर तासांत चार्जिंग स्टेशनला स्वस्त वीज देण्याची तरतूद आहे, त्यामुळे काही ॲपमध्ये त्या वेळेचा दरही कमी दिसतो. दर पाहताना त्यात १८ टक्के जीएसटी धरला आहे की नाही, तेही पाहावे; २० रुपये युनिट दिसणारा दर करासह २३ रुपये ६० पैसे होतो.

चार्जरसमोर

गाडी उभी करण्यापूर्वी चार्जरचा पडदा पाहावा. पडदा काळा असेल किंवा लाल दिवा लागलेला असेल, तर प्रथम पुढच्या बाजूचे मोठे लाल बटण तपासावे. हे आणीबाणीत वीज तोडण्याचे बटण असते आणि ते कोणी सहज दाबून गेलेले असते. चार्जर ‘सदोष’ दिसण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे. पंपावरील किंवा हॉटेलमधील माणसाला विचारून, आसपास जळका वास, ओल किंवा उघडी तार नाही याची खात्री करून, बटण बाणाच्या दिशेने फिरवले, की ते खट्कन बाहेर येते आणि यंत्र एक-दोन मिनिटांत पुन्हा सुरू होते. गन ओली असेल किंवा तिच्या पिना काळवंडलेल्या असतील, तर मात्र ती लावूच नये.

गन पूर्ण आत बसवून, तिचे वजन हाताने किंचित उचलून धरावे आणि मग ॲपमधून चार्जिंग सुरू करावे. जड केबल खाली ओढत असेल, तर पिना नीट टेकत नाहीत आणि चार्जिंग मिनिटभरात तुटते. कुलूप बसल्याचा आवाज ऐकू येईपर्यंत हात काढू नये. चार्जिंग सुरू झाल्यावर गाडीच्या पडद्यावरील किलोवॉटचा आकडा पाहावा. तो अपेक्षेपेक्षा फारच कमी असेल, तर थांबवून दुसरी गन लावून पाहावी. शेवटी युनिट आणि रक्कम दाखवणाऱ्या पडद्याचे छायाचित्र घ्यावे. चार्जिंग मध्येच तुटून वॉलेटमधील पैसे अडकले, तर परताव्यासाठी तेच उपयोगी पडते.

मुक्कामाच्या ठिकाणचे सॉकेट

साताऱ्यात रात्री राहणार असाल, तर १५ अँपिअरचे सॉकेट देणारे लॉज हा सर्वांत खात्रीचा चार्जर ठरतो, कारण तेथे रांग नसते आणि रात्रभरात २४ युनिटची बॅटरी जवळजवळ पूर्ण भरते. खोली ठरवतानाच वाहनतळाजवळ असे सॉकेट आहे का ते विचारावे आणि विजेचे पैसे वेगळे देण्याची तयारी सांगावी. मात्र आठ तास सतत तेरा-चौदा अँपिअर ओढणे हा साध्या सॉकेटवर मोठा भार आहे. अर्थिंग नसेल, तर गाडीची केबल लाल दिवा दाखवते आणि चार्जिंग नाकारते. अशा वेळी दिवा चुकवण्याच्या कोणत्याही युक्त्या करू नयेत. खोलीतील लहान पाच अँपिअरच्या सॉकेटवर जोडणी लावून किंवा बारीक वायरीच्या एक्स्टेन्शन बोर्डावरून गाडी कधीही चार्ज करू नये. सुरुवातीच्या अर्ध्या तासाने प्लगजवळ हात नेऊन पाहावा; प्लग हाताला चटका देण्याइतका गरम झाला असेल, तर चार्जिंग बंद करावे.

दुचाकीस्वारांना हेच सॉकेट पुरते. अनेक इलेक्ट्रिक स्कूटर साध्या प्लगवरच चार्ज होतात; जलद चार्जिंग हवे असेल, तर स्कूटरची गन कोणत्या जाळ्याशी जुळते ते पाहावे. एथर या स्कूटर कंपनीच्या जलद चार्जरवर हिरोची विडा ही स्कूटर चालते, परंतु मोटारीची सीसीएस-२ गन सहसा स्कूटरला लागत नाही.

शहरातच राहणाऱ्यांसाठी

साताऱ्यातील रहिवाशाने रोजच्या गरजेसाठी सार्वजनिक चार्जरवर अवलंबून राहू नये. ते प्रवाशांसाठी मोकळे राहिले, तर सर्वांचेच भले होते. विद्युत ग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार इलेक्ट्रिक वाहनाच्या चार्जिंगसाठी स्वतंत्र वीजजोडणी मागता येते, आणि नगरपालिका क्षेत्रात अर्ज पूर्ण असल्यास नवीन जोडणी सात दिवसांत देणे अपेक्षित आहे. अपार्टमेंटमधील सभासदांनाही हा मार्ग खुला आहे.

आणि ज्यांच्याकडे महामार्गालगत हॉटेल, मंगल कार्यालय किंवा मोकळी जागा आहे, त्यांना एक माहिती आवर्जून द्यावी: २०१८ पासून सार्वजनिक चार्जिंग स्टेशन चालवायला वीज कायद्याखालील परवाना लागत नाही. आपण जेथे जेवायला थांबतो, त्या मालकाला निघताना विचारावे, की तुमच्याकडे चार्जर का नाही. प्रत्येक गाडीमालकाने हे विचारले, तर हॉटेलमालकाला मागणी दिसते. चार्जर बंद आढळला, तर चार्जरवरील क्रमांक, पडद्यावरील दोषाचा संकेत, तारीख आणि वेळ लिहून कंपनीकडे ॲपमधून तक्रार नोंदवावी आणि तीच नोंद प्लगशेअरवरही टाकावी. चालू असेल, तरीही छायाचित्रासह तसे लिहावे, कारण मागून येणारा माणूस त्याच तारखेवर विसंबून पुण्याहून निघणार आहे.